शहाद्याच्या बायका, वैजापूरचे कोर्ट

वैजापूर तालुक्यातले शिऊर हे गाव संत बहिणाबाईंच्या समाधीमुळे ओळखले जाते. तुकोबांच्या या शिष्येचा जन्म 1628 चा, कन्नडकडच्या देवगावचा. वयाच्या तिसऱ्या वर्षी तिचे लग्न शिऊरच्या गंगाधर पाठकांशी लागले. नवरा बिजवर, तिशीतला. पुढे हे कुटुंब गाव सोडून फिरत फिरत कोल्हापूरला पोचले. तिथे कोवळ्या वयाची बहिणाबाई जयरामस्वामींच्या कीर्तनाला जाऊ लागली आणि त्यावरून नवऱ्याने तिला बेदम मारले, बांधून ठेवले. हे आपल्याला माहीत आहे, कारण बहिणाबाईंनी ते आपल्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत स्वतःच सांगून ठेवले. घरातल्या मारहाणीबद्दल मार खाणाऱ्या बाईनेच दिलेल्या मराठीतल्या जुन्या साक्षींत तिची साक्ष फार वरची आहे.

सातमाळ्याच्या डोंगरांपासून गोदाकाठापर्यंतच्या याच पट्ट्यात भिल्ल कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्या बायकांची अशी साक्ष कुणी लिहून घेतली नाही. त्यांचे बोलणे कागदावर यायला विसाव्या शतकाची सत्तरी उजाडावी लागली, आणि ते आले तेव्हा देशाचा कायदा हलला. घरातल्या हिंसेविरुद्ध आज जे कायदे आहेत, ते घडवणाऱ्या घटनांच्या साखळीत आदिवासी बायका अगदी पुढच्या कड्यांवर आहेत. कायद्याचा आधार मिळण्याच्या रांगेत मात्र त्या शेवटी राहिल्या. हे कसे झाले ते समजून घ्यायला शहादा, देसाईगंज आणि वैजापूर ही तीन ठिकाणे एका ओळीत ठेवून पाहावी लागतात.

दोन दारे, दोन्ही अडलेली

भिल्लांची सरकारशी ओळख झाली ती बंदुकीच्या टोकावर. पेशवाई बुडाल्यावर खानदेश इंग्रजांकडे गेला. डोंगरातल्या भिल्लांना काबूत आणण्यासाठी 1825 मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली. 1857 च्या उठावात नाशिक-नगरच्या मुलखात भागोजी नाईकांनी इंग्रजांशी झुंज दिली, ती दोन वर्षे चालली. पाठोपाठ 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पारध्यांसारख्या जमातींच्या कपाळी जन्मापासूनच गुन्हेगाराचा शिक्का बसला. तो कायदा रद्द व्हायला 1952 उजाडले. शिपाई वस्तीत आला की पुरुषांनी रानात पळायचे आणि बायकांनी शिव्या खायच्या, ही रीत इतकी वर्षे चालल्यावर नवऱ्याच्या मारापासून वाचण्यासाठी त्याच शिपायाच्या दारात जाण्याचे धाडस कोण करणार?

वैजापूरची अडचण आणखी वेगळी होती. हा तालुका 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथल्या कोर्टकचेऱ्यांची भाषा उर्दू. मराठी शेतकऱ्यालाही कागद वाचून घ्यायला मुन्शी लागायचा, तिथे वस्तीवरच्या बाईची काय कथा. राज्यघटना लागू झाल्यावर 1950 च्या आदेशात हैदराबाद राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्लांचा समावेश झाला. कागदावर त्यांना ओळख मिळाली, पण कोर्टाची पायरी होती तेवढीच उंच राहिली.

दुसरे दार पंचांचे. भिल्ल समाजात बाईला घटस्फोट आणि पुन्हा लग्न या गोष्टी उच्चवर्णीय घरांइतक्या अवघड नव्हत्या. नवरा नको असेल तर ती त्याला सोडू शकत होती, दुसरे घर करू शकत होती. बाहेरच्या अनेक अभ्यासकांनी या मोकळेपणाचे कौतुक केले आहे, आणि ते खोटे नाही. पण लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला देज दिलेले असे. बाईने घर सोडले की ते परत करायची वेळ बापावर किंवा नव्या नवऱ्यावर येई. बापाच्या घरात दाणा नसेल तर तो लेकीला समजावून परत धाडणार. निवाडा करायला बसलेले पंच पुरुष, दंड ठरवणारेही तेच. चावडीवरचा न्याय जवळचा होता, आपल्या बोलीतला होता, झटपट होता. मात्र मार थांबवणे हे त्याचे काम नव्हते, देण्याघेण्याचा हिशेब मिटवणे हे होते.

शहादा, 1973

हा हिशेब बायकांनी पहिल्यांदा उघडपणे मोडला तो तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात. तापीकाठची ही काळी, सुपीक जमीन भिल्लांच्या हातून सावकार आणि बागायतदारांकडे गेली होती, आणि मूळ मालक तिथेच सालदार म्हणून राबत होते. मे 1971 मध्ये पाटीलवाडीला धान्याच्या वादातून आदिवासींवर गोळीबार झाला. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल कार्यकर्ते आधीपासून सर्वोदयाच्या वाटेने लोकांना जागे करत होते. या घटनेनंतर बाहेरून शिकलेली तरुण मंडळीही येऊन मिळाली. 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकर, वाहरू सोनवणे, दीनानाथ मनोहर ही त्यातली पुढे महाराष्ट्राला माहीत झालेली नावे.

संघटनेच्या मागण्या जमिनीच्या होत्या, मजुरीच्या होत्या, दुष्काळी कामांच्या होत्या. बायका मोर्चांत पुढे असत, घोषणा देत, पोलिसांशी भिडत. पण शिबिरांत त्या आपसात बोलू लागल्या तेव्हा विषय निघाला दारूचा. मजुरी वाढवून घेतली तरी ती गुत्त्यात जाते, आणि गुत्त्यातून परतलेला माणूस घरी येऊन मारतो. मजुरीची लढाई जिंकूनही घरात हरायचे असेल तर उपयोग काय, असा हा सरळ हिशेब होता.

1973 च्या सुमारास बायकांचे जथे गावोगाव निघाले. गुत्त्यात शिरायचे, दारूची मडकी फोडायची, पुढच्या गावाला जायचे. एखादी बाई म्हणाली की नवऱ्याने मारले, तर सगळ्यांनी मिळून त्या नवऱ्याला घेरायचे, चोप द्यायचा आणि भर गावात बायकोची माफी मागायला लावायची. राधा कुमार यांनी 1993 च्या आपल्या ‘द हिस्टरी ऑफ डूइंग’ या स्त्री-चळवळीच्या इतिहासात या मोहिमेची नोंद घेतली आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मिस यांनी त्याआधीच, 1976 मध्ये, शहाद्याच्या आंदोलनावर लिहिले होते.

या मोहिमेत काय नवे होते? दारूबंदीची आंदोलने आधीही झाली होती, त्यामागे बहुधा नीतीचा उपदेश असे. इथे बायकोला मारणे हा घरातला खासगी मामला राहिला नाही, तो गावापुढचा गुन्हा ठरला. आणि निवाड्याला बसल्या त्या बायकाच. तक्रार करणारीला आपली गोष्ट दुसऱ्या बोलीत सांगावी लागली नाही. मार कशाला म्हणतात, देज परत मागितले की काय होते, हे ऐकणारीला आधीच ठाऊक होते. चोप देण्याची रीत कायद्याला धरून नव्हती, हे खरे. पण पंचांकडे आणि पोलिसांकडे जे मिळत नव्हते ते, म्हणजे ऐकून घेतले जाणे, इथे पहिल्यांदा मिळाले.

ऑक्टोबर 1975 मध्ये पुण्यात झालेल्या स्त्रीमुक्ती संघर्ष परिषदेला धुळ्याच्या आदिवासी बायका आल्या होत्या. शहरी कार्यकर्त्या, दलित स्त्रिया आणि डोंगरातल्या मजूर बायका एका मांडवात बसल्या. त्या वर्षांचे जिवंत वर्णन गेल ऑम्व्हेट यांच्या ‘वी विल स्मॅश धिस प्रिझन’ या 1980 च्या पुस्तकात सापडते. मराठवाडाही गप्प नव्हता. औरंगाबादेत याच काळात महिला समता सैनिक दल स्थापन झाले होते. देशात आणीबाणी असताना घरातल्या सत्तेबद्दल हे बोलणे चालू होते, ही त्या वर्षांची खासियत.

देसाईगंजचे पोलिस ठाणे

शहाद्याच्या बायकांनी पोलिसांची वाट टाळली. ती का टाळली, याचे उत्तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला मिळाले.

26 मार्च 1972. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज. एका आदिवासी मुलीला रात्री पोलिस ठाण्यात आणले गेले. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान, आईवडील नाहीत, मजुरीवर पोट. देश तिला ‘मथुरा’ या नावाने ओळखतो. तिने काही गुन्हा केला नव्हता. ज्या घरी ती कामाला जाई तिथल्या नात्यातल्या मुलावर तिचे प्रेम बसले होते, आणि तिला पळवून नेल्याची तक्रार तिच्या भावाने दिली होती. म्हणजे वाद घरचाच होता. घरचा वाद मिटवायला सगळे ठाण्यात गेले, जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले आणि मुलीला आत थांबवून घेतले. ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला.

सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोन्ही पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये त्यांना दोषी धरून एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 1978 मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, तेव्हा संमती नव्हती असे म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. रात्रीच्या वेळी ठाण्यात दोन वर्दीधाऱ्यांपुढे एक पोरकी आदिवासी मुलगी किती आरडाओरडा करू शकते, हा प्रश्न निकालात आलाच नाही.

तो प्रश्न विचारला चार कायदेतज्ज्ञांनी. 16 सप्टेंबर 1979 रोजी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धगमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीने मुकाट राहणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यांचा मुद्दा. यांतल्या पुण्याच्या वसुधा धगमवार यांचे काम सातपुड्यातल्या अक्राणीच्या आदिवासींमध्ये होते. 2006 मधल्या आदिवासी आणि कायदा या विषयावरच्या त्यांच्या पुस्तकात तो अनुभव उतरला आहे. कायद्याचे ज्ञान आणि वस्तीची ओळख एकाच माणसाकडे असली की काय घडू शकते, याचे हे पत्र उत्तम उदाहरण आहे.

1980 च्या सुरुवातीला मुंबईत फोरम अगेन्स्ट रेप ही संघटना उभी राहिली, 8 मार्चला अनेक शहरांत मोर्चे निघाले. सरकारला विधी आयोगाकडे जावे लागले. 1983 मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या अत्याचाराच्या खटल्यात संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने तिचे म्हणणे खरे धरून चालावे, असे ठरले. त्याच वर्षी दुसऱ्या दुरुस्तीने दंडसंहितेत 498-अ हे कलम आले आणि नवऱ्याने व सासरच्यांनी केलेला छळ फौजदारी गुन्हा झाला. त्यामागे दिल्ली-पुण्यातल्या हुंडाबळींचा संताप होता. पण कायदेमंडळाला बायकांचे ऐकायला भाग पाडणारी चळवळ पेटली होती ती देसाईगंजच्या एका मुलीमुळे.

मधला माणूस

कायदा झाला, पण तो चालवायचा कोणी? बाई शेवटी जाते पोलिस ठाण्यात, आणि ठाण्यात तिला घरचे भांडण घरी मिटवायला सांगतात. यावर तोडगा म्हणून 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलिस यांनी मिळून पोलिस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कक्ष पोलिसांच्या आवारात, पण त्यात बसणाऱ्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या. तक्रार लिहायची की नाही, घरी परतायचे की नाही, हे बाईनेच ठरवायचे. कार्यकर्तीने तिच्या बाजूने ठाण्याशी आणि सासरशी बोलायचे. पुढे राज्य सरकारने हे कक्ष इतर जिल्ह्यांतही नेले.

ग्रामीण भागात असेच काम वेगळ्या वाटांनी उभे राहिले. अंबाजोगाईत शैला लोहिया यांनी मनस्विनी महिला प्रकल्पातून नवऱ्याने टाकलेल्या बायकांना आसरा दिला. संगमनेरला अॅड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी 1988 मध्ये परित्यक्तांची परिषद भरवली. टाकलेली बाई ना विधवा, ना घटस्फोटित. सरकारी अर्जात तिच्यासाठी रकानाच नव्हता. या परिषदांनी तो प्रश्न राज्यापुढे मांडला. 1993 मध्ये राज्य महिला आयोग आला, 1994 मध्ये महाराष्ट्राने पहिले महिला धोरण जाहीर केले.

या सगळ्या प्रयत्नांत एक समान धागा दिसतो. जिथे यश आले, तिथे बाई आणि कोर्ट यांच्यामध्ये कुणीतरी उभे होते. शहाद्यात तो जथा होता, मुंबईत विशेष कक्षातली कार्यकर्ती, संगमनेरला वकील बाई. जिथे असा माणूस नव्हता, तिथे कलम पुस्तकातच राहिले.

कायद्याची भोके

आदिवासी बाईपुढे याशिवाय एक अडचण होती, जी शहरातल्या बाईला माहीतही नव्हती. 1955 चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. केंद्राने अधिसूचना काढली तरच तो लागू होतो. 1956 च्या वारसा कायद्यातही तसेच. हेतू चांगला होता: त्यांच्या रूढींना धक्का लावू नये. पण कायदा बाजूला झाल्यावर उरली ती रूढी, आणि रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते.

2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयात डॉ. सूरजमणी स्टेला कुजूर यांचा खटला आला. नवऱ्याने दुसरे लग्न केले म्हणून त्यांनी द्विभार्येची फिर्याद दिली होती. दोघेही आदिवासी, म्हणून विवाह कायदा लागू नाही. मग दुसरे लग्न बेकायदा ठरवणारी रूढी आपल्या जमातीत आहे, हे बाईनेच दाखवायचे. ते पुरेसे मांडले गेले नाही आणि फिर्याद टिकली नाही. शिकलेल्या, डॉक्टर असलेल्या बाईची ही गत, तर वस्तीवरच्या मजूर बाईने आपल्या रूढीचे पुरावे कुठून आणायचे?

ही कोंडी बऱ्याच अंशी फोडली ती कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाच्या 2005 च्या कायद्याने. 26 ऑक्टोबर 2006 पासून तो अंमलात आला. तो धर्म विचारत नाही, जमात विचारत नाही. लग्न नोंदलेले असलेच पाहिजे असे नाही; विवाहासारख्या नात्यात राहणारी बाईही अर्ज करू शकते. मारहाणीसोबत शिवीगाळ, उपाशी ठेवणे, मजुरीचे पैसे काढून घेणे हेही हिंसेत धरले गेले. नवऱ्याच्याच नव्हे, भावाच्या किंवा बापाच्या घरातल्या छळाविरुद्धही दाद मागता येते. राहते घर कुणाच्या नावावर आहे यावर बाईचा तिथे राहण्याचा हक्क अवलंबून नाही, आणि गायरानावरच्या, सातबारा नसलेल्या खोपटात राहणाऱ्या कुटुंबासाठी ही तरतूद फार मोलाची आहे. अर्ज बाई जिथे तात्पुरती राहते किंवा काम करते तिथल्या कोर्टातही देता येतो. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

या कायद्याने मधल्या माणसाला पहिल्यांदा सरकारी पद दिले: संरक्षण अधिकारी. बाईची हकिकत लिहून घ्यायची, अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांकडे द्यायचा, तिला वकील, दवाखाना, निवारा मिळवून द्यायचा, हे त्याचे काम. कल्पना शहाद्याच्या जथ्याची, पोशाख सरकारी. अडचण इथेच सुरू झाली. सुरुवातीला अनेक ठिकाणी हे काम आधीच दहा जबाबदाऱ्या असलेल्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात बांधले गेले. ज्याला तालुक्याच्या वस्त्या माहीत नाहीत, त्याच्यापर्यंत वस्तीवरची बाई पोचत नाही.

दरम्यान जातपंचायतींच्या जुलमाकडेही राज्याचे लक्ष गेले. 2013 मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 2016 मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि जुलै 2017 पासून लागू झाला. पंचांचा निवाडा न मानणाऱ्या बाईच्या घराला वाळीत टाकणे आता गुन्हा आहे. मालमत्तेच्या बाजूनेही हालचाल झाली. 17 जुलै 2025 रोजी छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने, बाईला वाटा नाही अशी रूढी सिद्ध झालेली नसेल तर केवळ ती बाई आहे म्हणून वाटा नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. 2001 मध्ये रूढी सिद्ध करण्याचे ओझे बाईवर पडले होते. इथे ते तिच्या हक्काच्या आड येणाऱ्यांवर टाकले गेले.

जगाचा अनुभव

हा पेच एकट्या भारताचा नाही. न्यूझीलंडमध्ये 1980 च्या दशकाच्या अखेरीस इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने एक साधे तत्त्व मांडले: सेवा सुरक्षित आहे की नाही, हे सेवा देणाऱ्याने ठरवायचे नाही, घेणाऱ्याने ठरवायचे. दवाखान्यातून निघालेला हा विचार पुढे कायद्याच्या मदतीपर्यंत पोचला. ऑस्ट्रेलियात मूलनिवासींसाठी 1970 पासून वेगळ्या कायदा-सेवा होत्या, पण त्यांचा बहुतेक वेळ तुरुंगात टाकल्या जाणाऱ्या पुरुषांच्या बचावात जाई. नवऱ्याचा वकील आणि बायकोचा वकील एकाच कार्यालयात कसा असेल? म्हणून घरातली हिंसा सोसणाऱ्या मूलनिवासी बायकांसाठी स्वतंत्र कायदा-सेवा उभ्या राहिल्या. व्हिक्टोरिया राज्यात 2002 मध्ये सुरू झालेली आणि आज ‘जिरा’ या नावाने चालणारी संस्था त्यांपैकी एक. वकील, समुपदेशक आणि समाजातल्याच कार्यकर्त्या अशा कार्यालयात एकत्र बसतात.

शहाद्याच्या बायकांनी हेच तत्त्व कुठल्याही परिषदेविना 1973 मध्ये अंमलात आणले होते. फरक इतकाच की तिकडे सरकारने त्याला अनुदान दिले आणि टिकवले. इकडे जथे पांगले आणि त्यांची पद्धत कुणी यंत्रणेत उतरवली नाही.

वैजापूरची जागा

आता वैजापूरकडे येऊ. नंदुरबार, गडचिरोली, पालघर इथल्या आदिवासी गावांना राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचे आणि ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या 1996 च्या पेसा कायद्याचे काही कवच आहे. ग्रामसभेत त्यांचे बहुमत असते, आदिवासी प्रकल्प कार्यालय हाताशी असते. वैजापूर अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. इथली भिल्ल कुटुंबे गावोगाव विखुरलेली, प्रत्येक गावात मूठभर. ग्रामसभेत त्यांचा आवाज क्षीण, आणि तक्रार केली तर ती बहुधा ज्याच्या शेतात मजुरी करायची त्याच गावात गाजणार. शहाद्यासारखा जथा इथे सहज जमत नाही, कारण एका वस्तीत तेवढ्या बायकाच नसतात.

त्यात मराठवाड्याची ऊसतोड. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, एका बाईला मिळत नाही, ती कोयत्याला मिळते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. नवऱ्याच्या माराला कंटाळून बाई फडावरून निघून गेली तर कोयता मोडतो, उचल अंगावर राहते आणि मुकादम दोन्ही घरांच्या दारात उभा राहतो. पूर्वी देज परत करण्याच्या भीतीने लेकीला परत धाडणारा बाप आता उचलीच्या भीतीने तेच करतो. कर्जाचे नाव बदलले, बाईची कोंडी तीच. फड कधी दुसऱ्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्या राज्यात. तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो, हे तिला सांगणारे कुणी नसते.

तरीही वैजापुरात कायद्याने काही गोष्टी उपलब्ध आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक बाईला आणि अनुसूचित जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. भिल्ल बाई त्याला दोन्ही नात्यांनी पात्र आहे. हा कायदा 1987 चा आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू. तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज केला तरी चालतो. 2009 पासून विधी स्वयंसेवकांची योजना आहे: वकील नसलेल्या, पण कायद्याची तोंडओळख दिलेल्या स्थानिक व्यक्ती. 2015 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने आदिवासींच्या हक्कांसाठी वेगळी योजना आणली, आणि ती अनुसूचित क्षेत्रापुरती मर्यादित नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘सखी’ केंद्र आहे, 181 ही मदतवाहिनी आहे. पण जिल्ह्याचे ठिकाण इथून सत्तरएक किलोमीटर दूर. दिवसाची मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन तिथे जाणे हा खर्च आहे, आणि परतल्यावर मार ठरलेला.

इतिहासाचा कौल स्पष्ट आहे. 1973 ते आज कलमे वाढत गेली, आणि ती चांगली कलमे आहेत. पण मदत पोचली ती फक्त तिथे, जिथे बाईच्या ओळखीचे, तिच्या रीतीभाती जाणणारे आणि पंचांना किंवा ठाण्याला न घाबरणारे माणूस तिच्यासोबत चालत गेले. वैजापूरसारख्या विखुरलेल्या तालुक्यात म्हणून आणखी एका कायद्याची गरज नाही. गरज आहे ती भिल्ल आणि पारधी वस्त्यांतल्याच बायकांना विधी स्वयंसेवक म्हणून नेमण्याची, त्यांना नियमित मानधन देण्याची, ऊसतोडीच्या हंगामाआधी वस्त्यांवर आणि हंगामात फडांवर विधी सेवेची शिबिरे नेण्याची, आणि संरक्षण अधिकाऱ्याने आठवड्यातला एक दिवस कार्यालय सोडून वस्तीवर बसण्याची. यातल्या एकाही गोष्टीसाठी कायदा बदलावा लागत नाही.

आणि वाचकासाठी एक तरतूद. 2005 च्या कायद्याचे चौथे कलम सांगते की घरात हिंसा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे वाटले तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला तसे कळवू शकतो. शेजारी, शिक्षिका, आशा कार्यकर्ती, शेतमालक, कुणीही. माहिती प्रामाणिकपणे दिली असेल तर देणाऱ्यावर कसलीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. आपल्या शिवारातल्या वस्तीवरून रात्री आवाज येत असेल, तर सकाळी हे कलम वापरा.